साखरवेळच्या पाखाडीतला उजेड

वीणा मयेकरला काचेचं वेड आहे, हे तिच्या नवऱ्याला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. प्रसन्न तेव्हा हवाई दलात होता, नवी बदली चंडीगडला, आणि नव्या नवरीला घेऊन तो ऐटीत सुखना तलावावर फिरायला गेला होता. टपरीवर चहा घेतला. वीणानं दोन घोटांत चहा संपवला, पेला उलटा करून उन्हात धरला आणि म्हणाली, "तळ वाकडा ओतलाय हो. उजेड कसा फाटतोय बघा." तलाव राहिला बाजूला. प्रसन्न आजही तो किस्सा पाहुण्यांना सांगतो, आणि शेवटी न चुकता म्हणतो, "माणसं चंद्र बघायला नेतात, मी हिला पेला दाखवला."

पुढे सगळी नोकरी वीणानं सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत भिंगं घासण्यात घालवली. कसली कसली भिंगं तिच्या हाताखालून गेली. काही डोळे तपासायच्या यंत्रांत बसली, काही कुठे गेली ते तिलाही कुणी सांगितलं नाही. मागच्या वर्षी ती निवृत्त झाली. प्रसन्नही हवाई दलातून केव्हाच बाहेर पडला होता. दोघांनी विमानतळाशेजारच्या एयरोसिटीत घर घेतलं होतं, कारण विमानं सोडली तरी विमानांच्या आवाजाशिवाय प्रसन्नला चैन पडत नसे. मुलगी स्वानंदी शहरातल्या एका आर्किटेक्टकडे कामाला होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते हिंदीत. वीणानं त्यावर वाद घालणं सोडून दिलं होतं.

निवृत्तीनंतर मात्र तिच्या हातांना काम उरलं नव्हतं. चष्मे पुसून झाले, खिडक्या पुसून झाल्या, शेजारच्या सोधी आंटींच्या खिडक्यासुद्धा एकदा पुसून झाल्या.

जानेवारीतली गोष्ट. बाहेर धुकं एवढं की समोरचं घर दिसत नव्हतं. वीणा हीटरजवळ मटार सोलत बसली होती आणि फोन वाजला. गुरुनाथचा, म्हणजे तिच्या चुलतभावाचा, थेट कोकणातून, साखरवेळहून.

"वीणाताय, गावाचा वाटोळा झाला गो!"

"अरे, काय झालं? कुणी गेलं की काय?"

"गेला नाय कोण. सरकारान गाव संरक्षित केल्यान. बंदरार बोर्ड लावलो. आता कौल बदलूचा म्हटला तरी इचारूक होया. माका घरार माळो चढवूचो होतो, लॉज काढूचो होतो. खांब उभे केलंय, ते तसेच उभे. तू येवढी सरकारी नोकरी केलंस, माका इंग्रजीत एक सणसणीत अर्ज लिहून दी."

वीणाला हसू आलं. गुरुनाथ लहानपणापासून असाच, वाऱ्याआधी शीड फडफडवणारा. अर्ज लिहून देते म्हणून ती फोन ठेवणार, तेवढ्यात तो सहज म्हणाला, "आणि तुझ्या बापाशीच्या बत्तीचो मनोरो दुरुस्त करतत हां. काच मात्र म्युझियममधी ठेवतले. मधली कमान फुटलेली मां? तसली काच आता कोण करणा नाय म्हणान."

वीणा ताडकन उभी राहिली. मटारचे दाणे फरशीवर चौफेर पळाले.

"कोण म्हणालं कोणी करत नाही?"

"ती सरकारची बाई इलीहा, चित्रा म्हणान. ती म्हणाक लागली."

"गुरू, त्या बाईंचा नंबर दे. आत्ता दे!"

"आणि माझो अर्ज?"

"तोही बघू. आधी नंबर!"

साखरवेळ हे गाव नकाशावर शोधायचं तर भिंगच लागेल. एका खाडीच्या तोंडाशी, डोंगराच्या कुशीत बसलेलं. एके काळी इथं गलबतं लागायची, म्हणून बंदरावर जकातीचं दगडी नाकं आणि मिठाची लांबलचक वखार. मागे जांभ्या दगडाची घरं, एकमेकांना खेटून. प्रत्येकाचं छप्पर उंच, उतरतं, नळीच्या कौलांचं. पुढे ओटा, ओट्यावर बसायला कट्टा, फणसाच्या लाकडाचे खांब, आणि प्रत्येक घराची समुद्राकडची त्रिकोणी भिंत चुन्यानं पांढरी. गल्ल्या अशा वेड्यावाकड्या की नवा माणूस मासे आणायला निघाला तर देवळात पोचेल. आणि त्या सगळ्यांच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, बत्तीचा बुटका मनोरा.

त्या बत्तीची राखण वीणाचे वडील करायचे. नामदेव कुबल. दिव्याभोवती माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा काचेचा पिंजरा होता. मधमाश्यांचं पोळं कापून उभं करावं तसा, एकावर एक वाकलेल्या काचांच्या कमानींचा. आत रॉकेलचा साधा दिवा. पण तो उजेड काचेतून बाहेर पडला की सरळ काठीसारखा समुद्रात जायचा. नामदेव रोज सकाळी मऊ फडक्यानं एकेक काच पुसायचे आणि वीणा मनोऱ्याच्या पायरीवर बसून बघायची. काचेत समुद्र उलटा दिसे. आभाळ खाली, होड्या वर. तिथंच तिला ते वेड लागलं. वडील काम करता करता म्हणायचे, "आपली बत्ती पाखाडीतसून चलता बाय." पाखाडी म्हणजे मनोऱ्यापासून बंदरापर्यंत उतरत जाणारी जांभ्याच्या पायऱ्यांची गल्ली. वीणाला वाटे, दिव्याला पाय फुटतात आणि तो पायऱ्या उतरतो अशी काहीतरी लहान मुलांची गोष्ट असेल. पुढे टेकडीवर विजेचा लोखंडी दिवा आला, बत्ती विझली, वडील गेले. एका वादळात वरच्या आंब्याची फांदी मनोऱ्यावर आली आणि समुद्राकडची नेमकी मधली कमान फुटली.

चित्राताईंना वीणानं लगेच फोन लावला आणि ती काच मी घासून देते म्हणून सांगितलं. पुरातत्त्व खात्यातर्फे गावाच्या कामावर आलेल्या त्या तरुण बाई शांतपणे ऐकत होत्या.

"मॅडम, काच करता आली तर आनंदच आहे," त्या म्हणाल्या. "पण दोन अटी. जुन्या काचांना धक्का लागता कामा नये. आणि नवी काच नवी आहे हे ओळखता आलं पाहिजे. कडेला साल कोरायचं. जुन्याचं सोंग नको."

"कोरते! साल कोरते, गावाचं नाव कोरते, सांगाल ते कोरते. मी मापं घ्यायला येऊ?"

"शिमग्याला या. तोवर मनोऱ्याला परांची लागलेली असेल."

शिमग्याला वीणा निघाली, आणि सोबत स्वानंदीला घेतलं. स्वानंदी खरं तर गोव्याला जायच्या बेतात होती. "मम्मी, एक बुझे हुए लाइट के लिए इतनी दूर?" असं म्हणत ती आली. पण बंदरावर उतरली आणि थबकली. पांढऱ्या त्रिकोणी भिंतींची रांग, वर लाल कौलं, त्यामागे हिरवा डोंगर. तिनं बॅग खाली ठेवली आणि वहीसुद्धा न काढता नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "किसने डिज़ाइन किया ये?"

"कुणीच नाही," वीणा म्हणाली. "ज्यानं त्यानं आपलं घर बांधलं."

"पॉसिबल ही नहीं है."

गुरुनाथचं घर पाखाडीच्या अगदी तळाशी, बंदराला लागून. दारात काँक्रीटचे दोन उंच खांब, वर गंजत चाललेल्या सळ्या. माडीला पुढे गॅलरी काढायची म्हणून ते त्यानं पाखाडीत चांगले हातभर पुढे घेतले होते. त्यानं बहिणीला ओट्यावर बसवून सोलकढी दिली, भाचीला बांगड्याचं तिखलं वाढलं, आणि मग खांबांकडे हात करून म्हणाला, "बघ. माझी तिरडी बांधून ठेवल्यानी."

"काहीतरीच बोलू नकोस!" वीणा ओरडली, पण तिचं लक्ष वर मनोऱ्याकडे होतं.

मनोऱ्यावर चित्राताई वाटच बघत होत्या. वीणानं काचेवरची ताडपत्री काढली. बाकीच्या सगळ्या कमानी शाबूत होत्या. धुळीनं आंधळ्या झालेल्या, पण शाबूत. तिनं पदरानं एक कोपरा पुसला. काचेत समुद्र उलटा लटकला. ती खुदकन हसली, लहान मुलीसारखी. मग पिशवीतून साधनं काढून ती कामाला लागली. फुटलेल्या कमानीच्या दोन्ही बाजूंच्या कमानी एकसारख्याच होत्या, त्यामुळे मधलीचा आकार जणू शेजारणी सांगत होत्या. वीणा प्रत्येक वाकणाचा मेणाचा ठसा घेत होती, गुणगुणत होती, मध्येच "वा रे पठ्ठ्या!" असं कुणा अज्ञात कारागिराला म्हणत होती.

चित्राताई कठड्याला टेकून उभ्या होत्या. "मला एक कोडं सुटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बत्ती टेकडीच्या टोकावर का नाही बांधली? इथं मागे, घरांच्या आड, आणि एवढी बुटकी? निम्मा उजेड तर छपरांवरच जाणार."

वीणानं मान वर केली. हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. घरातल्या खांबाला कोण विचारतं तू इथं का म्हणून?

स्वानंदी मात्र कठड्यावरून खाली वाकून बघत होती. चौकोनी सेक्टरांच्या शहरात वाढलेली पोर ती. सरळ रेघ दिसली की तिचा डोळा तिथं थांबणारच.

"मम्मी," ती हळूच म्हणाली, "इस गाँव की हर गली टेढ़ी है ना? तो ये पाखाडी सीधी क्यों है?"

वीणा आणि चित्राताई तिच्याशेजारी वाकल्या. खाली पाखाडी पायरी पायरीनं उतरत होती, दोरी लावून आखल्यासारखी, थेट पाण्यापर्यंत. दोन्ही बाजूंना घरांची उंच छपरं भिंतीसारखी उभी. आणि त्या फटीतून दिसत होती समुद्राची एकच अरुंद पट्टी.

"तिकडं काय आहे?" चित्राताईंनी बोट दाखवलं. "त्या पट्टीच्या अल्याड-पल्याड पाणी फेसाळतंय."

"खडक," वीणा म्हणाली. "दोन्ही बाजूंना खडक. मधून गलबताची वाट..." आणि ती मध्येच थांबली. "अगं बाई! बत्ती पाखाडीतून चालते!"

"क्या?"

"बाबा म्हणायचे! बत्ती पाखाडीतून चालते! अगं, उजेड या फटीतूनच बाहेर पडतो. होडी वाटेवर असेल तर दिवा दिसतो. जरा खडकाकडे सरकली की छपरं आड येतात आणि दिवा गुल! म्हणजे खलाशाला कळतं, आपण चुकलो!"

चित्राताईंनी कठड्यावर थाप मारली. "म्हणून बुटकी! म्हणून मागे! म्हणजे घरंच बत्तीची झापडं आहेत! कुणी छपराची उंची बदलली नाही, पाखाडीत कुणी पुढे सरकलं नाही..."

"पूरा गाँव एक लैंप है," स्वानंदी म्हणाली आणि आईचे दोन्ही हात धरून तिथंच उड्या मारू लागली. परांचीवरचे गवंडी काम सोडून बघत राहिले.

तिघी धावतच खाली आल्या आणि गुरुनाथला गाठलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "ह्या आमच्या आज्याक म्हायत होता. 'पाखाडी दिसली काय वाट गावली' म्हणत. पण ताय, आता टेकडीर विजेचो दिवो असा. होडयेत जीपीएस असा. बत्तीच पेटत नाय, तर माझे खांब अडवतत कोणाक?"

प्रश्न रास्त होता. माणसाला पोट आहे, पोरांची शिक्षणं आहेत, आणि गाव देखणं आहे म्हणून कुणी त्याच्या चुलीत लाकडं घालत नाही. "पेटली की बघू," वीणा एवढंच म्हणाली.

चंडीगडला परतल्यावर वीणाचं जणू दुसरं आयुष्य सुरू झालं. प्रयोगशाळेतला तिचा जुना सहकारी बलविंदर यानं मोहालीच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची छोटी कार्यशाळा टाकली होती. वीणानं मेणाचे ठसे त्याच्या टेबलावर मांडले. त्यानं पगडी सावरली आणि एकेक ठसा उचलून बघितला.

"वीणा जी, ये काँच है या जलेबी?"

"बनेगी?"

"पहले कभी बनाई नहीं." मग त्यानं मिशीतून हसून हात चोळले. "चलो, बनाते हैं!"

अख्खा उन्हाळा त्यात गेला. वाकडी काच घासायची तर आधी तिच्या उलट्या आकाराची लोखंडी हत्यारं करायला हवीत. ती केली. मग जाड काचेचा ठोकळा कापायचा, बारीक होत जाणाऱ्या भुकटीनं घासायचा, शेवटी डांबरासारख्या राळेवर गुलाबी पावडर लावून तकाकी आणायची. बाहेर गरम वाऱ्याची लू चालायची, आत पंख्याखाली वीणा आणि बलविंदर समोरासमोर बसून काच फिरवत राहायचे. घरी येई तेव्हा तिच्या केसांत गुलाबी पावडर असे. प्रसन्न म्हणे, "शिमगा संपला, बाईसाहेब." पण तोही हळूच संध्याकाळी डबा घेऊन कार्यशाळेत जाऊन बसू लागला होता. स्वानंदी रोज विचारायची, "आज कितनी बनी?"

कमानीतला मधला तुकडा तयार झाला तेव्हा पावसाळा होता. वीणाला धीर निघेना. राळेवरून काढलेली गरम काच थंड होऊ द्यायची असते, हे तिनं नव्या मुलांना किती वर्षं शिकवलं होतं! पण त्या दिवशी उजेड कसा पडतो हे बघायची अशी घाई झाली, की तिनं काच उचलली आणि ओल्या फडक्यानं पुसली. टक्क असा आवाज आला. काचेतून आरपार एक बारीक रेघ धावत गेली.

वीणा स्टुलावर बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला स्वतःचीच इतकी चीड आली होती, की ती हसायलाही लागली. "पस्तीस वर्षं लोकांना ओरडले, थंड होऊ दे, थंड होऊ दे! आणि मीच!"

बलविंदरनं तडकलेली काच कापडात गुंडाळून फळीवर ठेवली आणि चहा मागवला. "कोई गल नहीं जी. हाथ को तो अब रास्ता पता है. दूसरी जल्दी बनेगी."

आणि खरंच, दुसरी लवकर झाली, आणि पहिलीहून चोख. दसऱ्याच्या सुमारास सगळे तुकडे पितळी चौकटीत बसले. वीणाचं म्हणणं, काच घराच्या गच्चीवर नेऊन दिवा लावून बघू. प्रसन्न दारात आडवा उभा राहिला. "अजिबात नाही! विमानतळ शेजारी आहे. तुझ्या उजेडावर एखादं विमान सोधी आंटींच्या गच्चीवर उतरलं तर मला पुन्हा गणवेश घालावा लागेल."

मग चाचणी कार्यशाळेच्या लांब शेडमध्ये झाली. दारं बंद केली. एका टोकाला काच, तिच्या मागे वीणानं छोटा दिवा धरला. सुरुवातीला समोरच्या भिंतीवर नुसता धूसर पसारा पडला. वीणा दिवा मागे नेत गेली, किंचित, आणखी किंचित. आणि एकाएकी तो सगळा पसारा गोळा झाला. भिंतीवर उजेडाचा एक पट्टा उभा राहिला, कडा धारदार, इतका पांढरा की प्रसन्ननं डोळ्यांवर हात धरला.

"ओ बल्ले!" बलविंदर ओरडला. त्यानं वीणाच्या पाठीवर अशी थाप मारली की दिवा हलला आणि पट्टा शेडभर नाचला. स्वानंदीनं फोन काढला होता, पण चित्र घ्यायचं तिला सुचलंच नाही. ती नुसतीच म्हणत राहिली, "आई, झालं! आई, झालं!" मराठीतून. वीणानं ते ऐकलं आणि दिवा घट्ट धरला.

काच साखरवेळला गेली ती रजयांत गुंडाळून, रेल्वेच्या डब्यात, प्रसन्न आणि बलविंदर यांच्या मधल्या सीटवर. पंजाबी माणूस समुद्र बघायला पहिल्यांदाच चालला होता. त्यानं वाटेत दर स्टेशनावर चहा पाजून सगळा डबा आपलासा केला, आणि "इसमें क्या है?" असं कुणी विचारलं की छाती फुगवून सांगायचा, "समंदर की आँख!"

बत्ती पेटवायला गावानं त्रिपुरी पौर्णिमा निवडली. बंदर खात्यानं परवानगी दिली ती फक्त सणापुरती. होड्यांचा गोंधळ नको म्हणून सगळ्यांना आधी कळवलं होतं. चित्राताईंनी नवी कमान स्वतः बसवून घेतली. कडेला बारीक अक्षरांत साल कोरलेलं, हाताला लागेल असं. देवळाच्या दीपमाळेवर पणत्या लागत होत्या, ओट्याओट्यावर माणसं बसली होती.

वीणाचा मात्र जीव दोन्हीकडे ओढत होता. बत्ती तिनं शेकडो वेळा मनोऱ्यावरून बघितली होती. पण समुद्रातून? कधीच नाही. वडील वर दिव्यापाशी, आणि ती त्यांच्यापाशी. पाण्यावरून आपली बत्ती कशी दिसते हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मम्मी, तू बोट में जा," स्वानंदीनं ठरवूनच टाकलं. "ऊपर मैं हूँ, चित्रा दीदी हैं. तू जा!"

गुरुनाथनं होडी काढली. चेहरा जरा फुगलेलाच होता, पण नाही म्हणाला नाही. त्या वाटेवर त्याच्याएवढा जाणता माणूस दुसरा नव्हता. सूर्य बुडाला होता, पश्चिमेला अजून तांबडं होतं. होडी खडकांच्या बाहेर आली. त्यानं इंजिन बंद केलं आणि ती गावाकडे वळवली. गाव सावलीचा एक ढीग झालं होतं. फक्त पांढऱ्या भिंती अंधुक दिसत होत्या.

"पेटली?" वीणानं विचारलं.

"खय? कायच दिसणा नाय."

तिनं फोन लावला. स्वानंदी किंचाळत होती, "जल रही है! कब से जल रही है! तुम लोग हो कहाँ?"

"गुरू, आपण वाटेवर नाही!" वीणा उभी राहिली, होडी डुचमळली. "डावीकडे घे! घे ना!"

गुरुनाथनं वल्हं मारलं. एकदा, दोनदा. आणि एका छपराच्या कडेमागून उजेड उगवला. हळूहळू नाही, एकदम, दार उघडावं तसा. काठीसारखा सरळ, पाखाडीतून खाली उतरून पाण्यावरून थेट त्यांच्या होडीपर्यंत आलेला. वीणाच्या हातांवर, साडीवर, गुरुनाथच्या तोंडावर, सगळीकडे तोच. पाणी चमचमत होतं.

"आयशप्पत!" गुरुनाथ ओरडला. त्याचा फुगलेला चेहरा कुठल्या कुठे गेला होता. त्यानं मुद्दाम होडी खडकाकडे ढकलली, दिवा विझला. परत आणली, पेटला. पुन्हा ढकलली, पुन्हा आणली, आणि दर वेळी लहान पोरासारखा हसत सुटला. "गेली! इली! गेली! इली! आज्यो खोटा बोलणा नव्हतो गो!"

वीणा रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. बाबा रोज काय करायचे ते तिनं आज पाहिलं होतं. एवढी वर्षं ते हा रस्ता समुद्रावर टाकत होते, आणि तो कसा दिसतो ते बघायला त्यांना कधी मिळालं नव्हतं.

मग गुरुनाथ एकाएकी थांबला. वाटेच्या बरोबर मधोमध होडी आली होती, आणि तिथं उजेडात दोन काळ्या रेघा होत्या. पाण्यावरून त्या थेट त्यांच्यापर्यंत आल्या होत्या.

"ताय," तो म्हणाला, "ते माझे खांब मां?"

वीणानं पाखाडीच्या तळाकडे बोट केलं.

"माझेच ते." त्यानं डोक्यावरची टोपी काढून खाजवलं. "समोर बसान दिसणा नाय. हयसून दिसता." मग वल्हं उचलत तो आपल्याच वैतागानं म्हणाला, "उद्या गवंड्याक बोलवूक होया. आता लॉजचा काय करू, ता तुझ्या चेडवाक इचार. ती मोठी आर्किटेक्ट मां?"

धक्क्यावर गर्दी होती. बलविंदर गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडत होता, "दिखी जी? दिखी?" आणि त्याच्या शेजारी विजार भिजवून उभा असलेला प्रसन्न, ज्यानं आयुष्यभर धावपट्टीवरचे दिवे बघितले होते, तो तोंड उघडं टाकून मनोऱ्याकडे बघत होता.

खांब आठवड्याभरात उतरले. गुरुनाथ गवंड्यांवर ओरडत होता, पण थांबवत नव्हता. स्वानंदी नोकरीतून सुट्टी वाढवून तिथंच राहिली. तिनं आणि चित्राताईंनी मिळून त्याला घरामागच्या आवारात, छपराच्या उंचीखाली बसतील अशा खोल्या काढून दिल्या: कौलारू, पुढे ओटा, कट्ट्यावर बसून पाहुण्याला बांगडा खाता येईल अशा. गुरुनाथ म्हणाला होता तसा माळा नाही झाला, पण पहिल्या मे महिन्यात एकही खोली रिकामी राहिली नाही, आणि आता तो दारात येणाऱ्या प्रत्येकाला पाखाडी सरळ का ते पदरचा मीठमसाला लावून सांगतो. गावातले सगळेच खूश आहेत असं नाही. कौल बदलायला विचारावं लागतं याचा राग काहींना अजून आहे, आणि ग्रामसभेत दर वेळी त्यावरून भांडण होतं. चित्राताई शांतपणे ऐकून घेतात.

वीणा चंडीगडला परतली ती स्वस्थ बसायला नाही. कोकणातल्याच आणखी एका बंदरातून फोन आला होता: तिथल्या बत्तीच्या दोन कमानी गेल्यात, जमेल का? प्रसन्ननं फोन तिच्या हातात दिला आणि स्वतः कार्यशाळेचा डबा भरायला स्वयंपाकघरात गेला. तिकडे मोहालीत बलविंदरनं नवा काचेचा ठोकळा टेबलावर ठेवला होता आणि वीणा पोचताच त्यानं हात चोळत विचारलं, "तो वीणा जी, इस बार ठंडा होने देंगे ना?"